‘द क्राउड’ (१९२८): पाहण्याआधीचे आणि पाहून झाल्यावरचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किंग व्हिडॉरचा ‘द क्राउड’ म्हणजे न्यूयॉर्कमधल्या एका साध्या कारकुनाचं प्रेम, लग्न आणि संसार. मूकपटांच्या अगदी शेवटच्या बहरातला, १९२८चा. पाहायला बसण्याआधी लोकांच्या शंका एका प्रकारच्या असतात, पाहून उठल्यावर दुसऱ्याच. दोन्ही इथे एकत्र घेतल्या आहेत. गोष्ट आधी फुटू नये असं वाटत असेल तर मध्ये जिथे सूचना दिली आहे तिथे थांबा आणि चित्रपट पाहून परत या.

गोष्ट थोडक्यात काय आहे?

जॉन सिम्स जन्मतो ४ जुलै १९०० रोजी. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, नव्या शतकाचा उंबरठा, आणि आपलं पोर जग गाजवणार याबद्दल बापाला तिळमात्र शंका नाही. जॉन बारा वर्षांचा असताना बाप जातो. एकविसाव्या वर्षी जॉन बोटीतून न्यूयॉर्कला येतो आणि ॲटलास नावाच्या विमा कंपनीत चिकटतो. टेबल क्रमांक १३७. बर्ट नावाचा मित्र त्याला ओढून दोन मुलींबरोबर कोनी आयलंडच्या जत्रेत नेतो. त्यातली मेरी त्याला आवडते. परतीच्या गाडीत फर्निचरची एक जाहिरात दिसते, ‘मुलगी तुम्ही आणा, घर आम्ही मांडून देतो’ अशा अर्थाची, आणि हा गडी तिथल्या तिथे लग्नाचं विचारून मोकळा होतो.

नायगाराला मधुचंद्र होतो. मग उन्नत रेल्वेच्या रुळांना खेटून असलेली टीचभर जागा, जावयाला कायम नाक मुरडणारी सासू, तिचे दोन मुलगे, पुढे आपली दोन मुलं, आणि पाच वर्षांत मिळून आठ डॉलरची पगारवाढ.

मूकपट आहे. कंटाळा येणार नाही ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. चित्रपट पावणेदोन तासांच्या आतला आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना सवय व्हायला लागतात, त्यानंतर आवाज नाही हे बहुतेकांच्या लक्षातही राहत नाही. मूकपट म्हटलं की हातवारे, डोळे वटारणं, तुडतुडी चाल असं चित्र मनात असतं, तसलं इथे जवळपास काहीच नाही. मेरी झालेली एलिनॉर बोर्डमन तर इतकी शांत काम करते की परवाच चित्रीकरण झालं असावं असं वाटतं. ताटकळायला लावणारा भाग असलाच तर जॉन नोकरी सोडून वणवण फिरतो तो. तिथे मीही थोडा चुळबुळतो, पण ती वणवण लांबलचक असणं गरजेचंच आहे.

पडद्यावरच्या इंग्रजी पाट्या वाचता आल्या नाहीत तर?

काही बिघडत नाही. पाट्या थोड्या आहेत, भाषा सोपी आहे. इंग्रजी न येणाऱ्या आजीला शेजारी बसवून एकदा अर्थ सांगितला की पुढचं ती तुम्हाला सांगेल. नवराबायकोच्या भांडणाला पाटी लागत नाही.

ही प्रेमकथा म्हणायची की समाजचित्र?

मी प्रेमकथा म्हणतो, आणि यावर लोक वाद घालतात. वाद घालणाऱ्यांचं म्हणणं असं की यात शहर, नोकरी, गर्दी, पैसा हेच मुख्य, प्रेम तोंडी लावण्यापुरतं. पण नीट पाहिलं तर जॉनला आयुष्यात एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे मेरी. मोठा माणूस होण्याचं स्वप्न फसतं, पैसा येतो तसा जातो, नोकरी जाते. प्रेमकथा बहुधा लग्नापाशी थांबतात. ही लग्नानंतर सुरू होते आणि विचारते, नवरा कोणीच विशेष निघाला नाही तर बायकोने त्याच्यावर कशासाठी प्रेम करायचं?

त्यासाठी एक प्रसंग नीट पाहा. एप्रिलमधली सकाळ. कपाटाचं दार आपोआप उघडतं. संडासची टाकी बिघडलेली. (संडास पडद्यावर दिसणं हे त्या काळच्या अमेरिकी चित्रपटात फारच दुर्मीळ.) न्याहारीला दुधाची बाटली उघडताना शिंतोडे उडतात. प्रत्येक गोष्टीला जॉन बायकोला जबाबदार धरतो, तिच्या केसांवरूनही बोलतो. भांडण वाढत जातं, तो तणतणत बाहेर पडतो. मेरीला त्याला एक बातमी सांगायची होती, ती राहूनच जाते. मग ती खिडकीतून त्याला हाक मारते, तो कुरकुरत परत येतो, आणि तिला दिवस गेले आहेत हे कळल्यावर याचा चेहरा क्षणात बदलतो. आता तो तिला खुर्चीवर बसवतो, जपून वागतो, मोठमोठ्या बाता मारतो. आपल्याला हसू येतं आणि रागही येतो. मेरीला हे सगळं कळतं आहे, हे बोर्डमनच्या चेहऱ्यावर नुसतं वाचायचं.

कॅमेरा इमारतीवर चढत जाऊन खिडकीतून आत शिरतो, ते कसं केलं?

हा चित्रपटातला सर्वांत नावाजलेला भाग. खाली रस्ता, मग एकावर एक खिडक्यांच्या रांगा, कॅमेरा वर वर जातो, एका खिडकीपाशी थबकतो, आत शिरतो, आणि समोर शेकडो सारखी टेबलं, शेकडो सारखी डोकी. त्यातलं एक जॉनचं.

संगणक नव्हता, क्रेनही एवढी उंच नव्हती. इमारतीची प्रतिकृती बनवून ती स्टुडिओच्या जमिनीवर चक्क आडवी निजवली होती. कॅमेरा तिच्यावरून सरकत नेला, त्यामुळे तो चढतोय असं दिसतं. खिडकीपाशी पोचल्यावर एक दृश्य दुसऱ्यात विरघळवलं आणि थेट खऱ्या नेपथ्यावर आणलं, जिथे कॅमेरा छताखालच्या तारेवरून टेबलांवरून पुढे सरकत होता. जोड कुठे आहे ते माहीत असूनही सापडायला वेळ लागतो. छायालेखक हेन्री शार्प, कलादिग्दर्शन सेड्रिक गिबन्स आणि आर्नल्ड गिलेस्पी.

याच्या जोडीला आणखी एक चौकट आहे, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. बाप गेल्याची बातमी कळायच्या क्षणी बारा वर्षांचा जॉन जिना चढतो. जिना मुद्दाम निमुळता बांधलेला, खाली दारात शेजाऱ्यांचा घोळका, आणि तो पोरगा एकटा कॅमेऱ्याकडे येतोय. मला विचाराल तर इमारतीच्या दृश्यापेक्षा हे सरस आहे.

रस्त्यावरची माणसं खरी आहेत की भाड्याची?

दोन्ही. व्हिडॉरने न्यूयॉर्कमध्ये कॅमेरा लपवून बरंच चित्रीकरण केलं. त्यामुळे फुटपाथवर चालणारे पुष्कळ लोक खरेच आपापल्या कामाला निघालेले आहेत, आपण सिनेमात आहोत याचा त्यांना पत्ता नाही. १९२७च्या सुमाराचं न्यूयॉर्क पाहायचं म्हणून हा चित्रपट लावणारेही लोक आहेत, आणि ते काही चूक करत नाहीत.

नायकाचं काम करणारा जेम्स मरे कोण? बाकी कुठे पाहिल्यासारखा वाटत नाही.

वाटणार नाही. तो स्टुडिओत गर्दीतली फुटकळ कामं करणारा माणूस होता. ‘द बिग परेड’ (१९२५) या युद्धपटाच्या प्रचंड यशानंतर एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओचा निर्मितीप्रमुख आयर्व्हिंग थालबर्गने व्हिडॉरला हवं ते करायची मोकळीक दिली. गर्दीतल्या माणसाच्या गोष्टीला गर्दीतलाच चेहरा हवा, नावाजलेला नट नको, असं व्हिडॉरच्या मनात होतं. स्टुडिओच्या आवारात मरे नजरेस पडला, व्हिडॉरने त्याला भेटायला बोलावलं, आणि गडी फिरकलाच नाही! शोधून आणावा लागला.

काम मात्र त्याने असं केलं की त्याला दुसरा पर्याय सुचत नाही. पुढचं फार वाईट आहे. दारूने त्याला खाल्लं. ‘द क्राउड’नंतर भूमिका मिळाल्या, पण टिकल्या नाहीत. काही वर्षांनी रस्त्यात पैसे मागणारा एक माणूस व्हिडॉरला भेटला, तो मरे निघाला. दारू सोड, नव्या चित्रपटात घेतो, असं व्हिडॉरने सांगितलं. मरेने झिडकारलं. जुलै १९३६मध्ये हडसन नदीत बुडून तो मेला, तेव्हा वय ३५. व्हिडॉरच्या डोक्यातून हा माणूस कधी गेला नाही. म्हातारपणी तो मरेच्या आयुष्यावर चित्रपट करायच्या खटपटीत होता, तो झाला नाही.

चित्रपट पाहताना हे आठवत राहतं, त्याला इलाज नाही. पण शक्य असेल तर पहिल्या खेपेला बाजूला ठेवा. जॉनच्या गोष्टीत मरेची गोष्ट मिसळली की जॉन आहे त्यापेक्षा जास्त करुण वाटायला लागतो.

बोर्डमन ही दिग्दर्शकाची बायको होती ना? म्हणून काम मिळालं का?

बायको होती, १९२६मध्ये लग्न झालं होतं. वशिल्याचा संशय असेल तर पहिला अर्धा तास पाहा, संशय जाईल. एमजीएमच्या नट्या त्या काळी पडद्यावर झगमगायच्या. हिला विस्कटलेल्या केसांची, थकलेल्या चेहऱ्याची बाई करायची होती, आणि तिने चेहरा सुंदर दिसण्याचा सगळा हट्ट सोडून दिला. सगळ्या चित्रपटातलं उत्तम काम तिचंच आहे. मरेचं नाव जास्त निघतं ते त्याच्या शोकांतिकेमुळे.

मुलांना दाखवावा का?

इथून पुढे गोष्ट उघड केली आहे. पाहायचा असेल तर इथे थांबा.

दहा-बारा वर्षांच्या खालच्या मुलांना नको, असं माझं मत. जॉनला जाहिरातीचं घोषवाक्य सुचवल्याबद्दल ५०० डॉलरचं बक्षीस मिळतं. तो मुलांना खेळणी आणतो. मुलं रस्त्यापलीकडे असतात. आईबाप खिडकीतून खेळणी दाखवून त्यांना बोलावतात, मुलं धावत सुटतात, आणि धाकटी मुलगी ट्रकखाली येते. आयुष्यातला एकमेव विजय, आणि त्याच मिनिटाला हे. प्रसंगात रक्तबंबाळ काही दाखवलेलं नाही, तरी मोठ्या माणसांनाही तो जड जातो. पुढे रुळांवरच्या पुलावर जॉन जीव द्यायला निघतो, तोही प्रसंग आहे.

मग गर्दी हीच खलनायक का?

असं बरेच ठिकाणी लिहिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. मुलगी अंथरुणावर शेवटच्या घटका मोजत असते. बाहेर शहराचा गोंगाट चालू. जॉन वेड्यासारखा रस्त्यावर धावत येतो आणि ओठांवर बोट ठेवून येणाऱ्या लोंढ्याला गप्प करू पाहतो. एकटा माणूस उलट दिशेने. पोलीस त्याला बजावतो की तुझं पोर आजारी आहे म्हणून जग थांबत नसतं. प्रसंग चिरून टाकतो. पण पोलीस दुष्ट आहे का? लोक दुष्ट आहेत का? त्यांना कामावर जायचंय.

शिवाय स्वतः जॉनचं वागणं आठवा. सुरुवातीला बसच्या वरच्या मजल्यावरून तो रस्त्यावरच्या एका विदूषकाची टर उडवतो. अंगावर जाहिरातीचे फलक लटकवून चेंडू झेलणारा तो माणूस. याच्या बापालाही वाटलं असेल की पोरगा राष्ट्राध्यक्ष होईल, असं काहीतरी म्हणून मेरीला हसवतो. तेव्हा जॉनच गर्दी असतो. शेवटाकडे त्याला जे काम मिळतं ते नेमकं हेच, विदूषकाचे कपडे घालून, फलक लटकवून, रस्त्यावर चेंडू झेलायचे. विशेष म्हणजे ते मिळाल्यावर तो खूश असतो. व्हिडॉरने बदला घेतल्यासारखं ते दाखवलेलं नाही, ही त्याची थोरवी.

जॉन मुळात आळशी आणि बढाईखोरच आहे. त्याची कीव का करायची?

करू नका. बऱ्याच प्रेक्षक बायका चित्रपट संपल्यावर हेच म्हणतात आणि त्यांचं म्हणणं रास्त आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीत मेरी स्वयंपाक करते, पोरं सांभाळते, आणि हे महाशय युकुलेली वाजवत बसलेले. नाताळच्या आदल्या रात्री सासूबाई घरी आलेल्या असताना दारूबंदीच्या काळात ‘थोडी’ दारू आणायला म्हणून बर्टकडे जातो आणि तिथेच रमतो. नोकरीही रागाच्या भरात तोच सोडतो. आपलं जहाज कधीतरी किनाऱ्याला लागणार, या भरवशावर आजचं काम उद्यावर.

पण त्याला हा भरवसा दिला कोणी? पाळण्यात असल्यापासून बापाने, मग त्या शहराने, मग प्रत्येक जाहिरातीने. लग्नाची मागणीसुद्धा त्याने जाहिरात वाचून घातली, हे विसरू नका.

शेवट सुखाचा की दुःखाचा? आणि सात शेवट चित्रित केले होते हे खरं का?

सात शेवट करून पाहिले, असं व्हिडॉर सांगत असे. स्टुडिओला शेवट गोड हवा होता. अखेर चित्रपट दोन शेवटांसह पाठवला गेला, थिएटरवाल्याने हवा तो लावावा. त्यातल्या गोड शेवटात सिम्स कुटुंब श्रीमंत झालेलं, नाताळच्या झाडाभोवती जमलेलं दिसतं. तो कोणी फारसा लावला नाही, असं व्हिडॉरचंच म्हणणं. आज आपण पाहतो तो दुसरा.

मेरी भावांबरोबर घर सोडून निघालेली असते. जॉन फुलं घेऊन येतो, नाटकगृहाची तिकिटं घेऊन येतो. ती थांबते. रेकॉर्ड लावून दोघं नाचतात. मग मुलासह तिघं थिएटरमध्ये विदूषकांचा खेळ पाहत मनसोक्त हसतात. कार्यक्रमपत्रिकेत जॉनच्या बक्षीसपात्र घोषवाक्याची जाहिरात छापलेली दिसते. कॅमेरा मागे मागे सरकतो, रांगांमागून रांगा, सगळे हसणारे, आणि त्यात आपली तिघं हरवून जातात.

सुखी म्हणा, दुःखी म्हणा. पोटापुरती नोकरी लागली आहे, ती उद्या जाऊ शकते. पोर गेलेलं आहे. तरी संध्याकाळ छान गेली. माझ्या मते हा चोख शेवट आहे, आणि त्यात फसवणूक नाही.

त्या वेळी चालला का? ऑस्कर मिळालं?

१९२८च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये तो लागला. दणकून चालला नाही, पण स्टुडिओ बुडालाही नाही. बोलपट आदल्या वर्षीच अवतरला होता, आणि मूकपटाचे दिवस भरत आले होते.

पहिल्यावहिल्या ऑस्कर समारंभात (१६ मे १९२९) त्याला दोन नामांकनं होती. ‘अनन्य आणि कलात्मक निर्मिती’ या गटात पारितोषिक मुर्नाऊच्या ‘सनराइज’ला गेलं. दिग्दर्शनाचं ‘सेव्हन्थ हेवन’साठी फ्रँक बोर्झेगीला. एमजीएमचा मालकी रुबाब गाजवणारा लुई बी. मेयर स्वतःच्याच कंपनीच्या या चित्रपटाविरुद्ध रात्रभर बोलत बसला, ही व्हिडॉरने सांगितलेली हकिकत. मेयरला असले ओशाळवाणे संसार पडद्यावर आवडत नसत, हे मात्र जगजाहीर होतं. व्हिडॉरला दिग्दर्शनाची पाच नामांकनं मिळाली आणि एकही पारितोषिक नाही. १९७९मध्ये मानद ऑस्कर देऊन अकादमीने भरपाई केली.

१९८९मध्ये अमेरिकेने राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी पहिले २५ चित्रपट निवडले, त्यात ‘द क्राउड’ आहे.

याचा पुढचा भाग आहे का?

एका अर्थी आहे. व्हिडॉरच्याच ‘अवर डेली ब्रेड’ (१९३४) मध्ये जॉन आणि मेरी सिम्स याच नावांचं जोडपं मंदीच्या काळात शहर सोडून शेतीकडे वळतं. नट वेगळे, टॉम कीन आणि कॅरेन मॉर्ली. मरेला देऊ केलेलं काम याच चित्रपटातलं.

पुढच्या कोणत्या चित्रपटांत याची छाप दिसते?

बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’ (१९६०) मधलं टेबलांच्या न संपणाऱ्या रांगांचं ऑफिस पाहा, नातं सांगावं लागत नाही. तिथेही विमा कंपनीच आहे. ‘बायसिकल थीव्ज’ करणाऱ्या इटालियन दिग्दर्शक डी सिकाने आपल्याला ‘द क्राउड’चं ऋण बोलून दाखवल्याचं व्हिडॉर सांगत असे. बाप, मुलगा आणि शहराचे रस्ते डोळ्यांपुढे आणले की ते पटतं.

आपल्याकडे त्या काळात असं काही झालं होतं का?

झालं होतं, आणि तीन वर्षं आधी. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी ना. ह. आपट्यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ (१९२५) केला. पौराणिक चित्रपटांची चलती असताना त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी घेतला. सावकार जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. दोन्हींची थेट तुलना करण्यात अर्थ नाही. जॉन स्वप्न घेऊन शहरात येतो, हा शेतकरी जमीन गमावून येतो. मुंबईत आलेल्या कुठल्याही घराण्याला ही दोन्ही तऱ्हेची माणसं ओळखीची असतील. दुर्दैवाने तो मूकपट आज पाहायला मिळत नाही. पेंटरांनी १९३६मध्ये त्याचा बोलपट केला. भारतात हजाराहून जास्त मूकपट बनले, त्यातले फारच थोडे शिल्लक आहेत.

कोणती प्रत पाहावी? मागे संगीत कुठलं हवं?

अमेरिकेत १ जानेवारी २०२४पासून चित्रपटाचे हक्क सर्वांसाठी खुले झाले, त्यामुळे इंटरनेटवर प्रती पुष्कळ आहेत आणि बऱ्याचशा रद्दी आहेत. केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी १९८१मध्ये कार्ल डेव्हिसच्या वाद्यवृंदसंगीतासह हा चित्रपट पुन्हा लोकांसमोर आणला, ते संगीत असलेली प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर ती प्रत चुकीच्या वेगाने चालवली आहे, बंद करून दुसरी शोधा. कोणीतरी वरून पियानोची एकच धून दोन तास चिकटवलेली असेल तर आवाज बंद करून पाहिलेलं बरं. आणि मोबाइलवर नको. शेवटच्या दृश्यात तिघं गर्दीत हरवतात, ती मुळात दिसायला तर हवीत.

आवडला. आता पुढे काय पाहू?

त्याच वर्षीचा पॉल फेयोशचा ‘लोनसम’. तोही न्यूयॉर्क, तोही कोनी आयलंड, एका दिवसात भेटून गर्दीत एकमेकांना हरवून बसणारी दोन एकटी माणसं. मध्ये घुसवलेले बोलके प्रसंग सोसा, ते स्टुडिओच्या हट्टापायी आहेत. मग ‘सनराइज’. आणि शहराचा उजेडातला चेहरा पाहायचा असेल तर बर्लिनमधला ‘पीपल ऑन संडे’ (१९३०), ज्याच्या लेखनात तरुण बिली वाइल्डर होता.